सत्तावीस वाजून त्रेसष्ट मिनिटांची आरती

आमच्या गावदेवीच्या देवळात आरतीचं मशीन आलं त्याच दिवशी मी म्हणाले होते, एकदा उघडून बघते. पण आमच्या घरात माझ्या शिक्षणाची आठवण फक्त कुणाचा चार्जर बिघडला की होते. ठाण्याच्या एका कंपनीत मी वजनकाट्यांची सर्किटं तयार करते. घरच्यांच्या भाषेत, कृतिका वायरी जोडायला जाते.

ठाकुर्लीला आमचं गाव आहे म्हणायचं, पण आता चहूबाजूंनी टॉवर आणि मध्ये आमची आगरी आळी एवढंच उरलंय. पूर्वी आरतीला नगारा बडवायला पोरांत मारामारी व्हायची. आता पोरं आरती संपल्यावर प्रसादाच्या वेळेला अचूक उगवतात. म्हणून माझ्या आजोबांनी, म्हणजे देवळाचे अध्यक्ष असलेल्या आबांनी, मशीन आणलं. मोटर लावलेला नगारा, दोन झांजा, एक घंटा आणि लाल आकड्यांची छोटी पट्टी. सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशा वेळा त्यात एकदा भरल्या की मशीन त्या लक्षात ठेवतं, लाईट गेली तरी विसरत नाही. निदान खोक्यावर तसं छापलं होतं.

आता आईचं सांगते, कारण ही गोष्ट खरं तर तिची आहे. माझी आई सगुणा गाडी शिकत होती. दुपारी दोन ते चार आमची आळी अशी झोपते की चोर आला तर तोही कंटाळून आडवा होईल. तेवढ्यात आई मागच्या दाराने निघायची, स्टेशनजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या लाल गाडीत बसायची आणि सगळे डोळे चोळत उठायच्या आत घरी येऊन चहाचं आधण ठेवायची. हे फक्त मला माहीत होतं. बाबांना, म्हणजे रघुशेठना, सांगणं शक्य नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या सीटवरचं शोरूमचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, त्यात बायकोने स्टिअरिंगला हात लावायचा म्हणजे फारच झालं.

आईचं माहेर माजिवड्याचं. आजीला आता डोळ्यांनी धड दिसत नाही. ती फोनवर एकच प्रश्न विचारते, कधी येतंस गो? आणि आई प्रत्येक वेळी म्हणते, विचारून सांगते. मग बाबा म्हणतात रविवारी जाऊ, आणि रविवारी कुणाची तरी हळद असते. मला ते 'विचारून सांगते' ऐकलं की चीड यायची, आईला काय वाटत असेल कोण जाणे. तिची लायसनची परीक्षा पुढच्या मंगळवारच्या पुढच्या मंगळवारी होती, कल्याणच्या आरटीओत, आणि रिव्हर्स घेताना ती अजून हमखास खांबावर जायची.

अशात तो शुक्रवार आला. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे आमच्या बाळांनाही बोलता यायच्या आधी कळतं. त्या दिवशी मी सर्दी घेऊन घरीच होते. दुपारी लाईट आली, पण सरळ येईल तर ती आमची लाईट कसली. आली, गेली, पुन्हा मिणमिणली, गेली आणि मग एकदाची आली. आई पर्स घेऊन मागच्या दाराशी पोचली होती आणि तेवढ्यात देवळातून नगारा, झांजा आणि घंटा असं सगळं एकदम दणाणलं. दुपारी पावणेतीनच्या आत. पट्टीवर संध्याकाळच्या आरतीची वेळ दिसत होती १४:४०.

अख्खी आळी देवळात गोळा झाली. कुणी बनियनवर, कुणी तोंडाला उशीच्या घड्या घेऊन. सीताराम गुरव सोवळं उलटं नेसून आले होते. ते म्हणाले, "मी कायपन केलेलं नाय. मी तर झोपलेलो."

"मग देवीनंच केलं," आबा म्हणाले.

शेजारचे महिपतकाका पुढे आले. हे ठाण्याच्या कोर्टात बेलिफ होते. रिटायर झाले तरी त्यांच्यातलं कोर्ट काही रिटायर झालेलं नाही. "देवीचा आदेश हाय. आदेश आला की त्याची तामील करायची, कारन इचारायचं नाय."

तरी आबांनी कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे मोठ्या गोष्टीत तसाच रिवाज आहे. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर हो आणि डावी पडली तर नाही. सीतारामकाकांनी पाकळ्या लावल्या आणि नेमकी तेव्हा लाईट परत गेली. सगळे अंधारात हात जोडून उभे. आबांनी विचारलं, "आई, तुजी सांजची आरती दुपारी करायची काय?" त्याच क्षणी लाईट आली, डोक्यावरचा पंखा पाचावर गरागरा सुटला आणि उजवी पाकळी उडून थेट महिपतकाकांच्या कपाळाला चिकटली.

"कौल दिला," गाव म्हणालं.

"आबा, पंखा," मी म्हणाले.

"देवीच्या कामात पंखा आनू नको," आबा म्हणाले. झालं. आबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता यात आईचं काय गेलं, तर सगळंच गेलं. आरतीच्या नैवेद्याचा मान आमच्या घराचा, आणि ताट थोरल्या सुनेनेच हातात घेऊन जायचं. म्हणजे रोज दुपारी, लाल गाडी कोपऱ्यावर हॉर्न वाजवत असताना, आई भाकरी आणि वालाचं बिरडं घेऊन देवळाच्या पायऱ्या चढत होती. तीन दिवसांनी तिने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, दोन्ही हातांत कुकरचं झाकण धरून, मान मागे वळवून रिव्हर्सचा सराव केला. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ती म्हणाली, "हसतंस काय? डावीकरं काय हाय ते बग."

"फ्रीज," मी म्हटलं.

"ठोकला काय?"

"ठोकलास."

दुसरं संकट त्याहून मोठं होतं. आमच्या घरात एक नियम आहे, आबा दुपारचे उठल्यावर त्यांचा चहा पूर्ण होईपर्यंत कोणीही त्यांच्याशी काही बोलायचं नाही. झोपेतून उठलेले आबा कशालाही हो म्हणतात. शरीर उठतं, तोंड उठतं, पण बाकीचे आबा मागाहून येतात. आणि तोंडातून एकदा हो गेला की मग शुद्धीवर येऊनही ते तो फिरवत नाहीत. मी शाळेत असताना एका कुल्फीवाल्याने त्यांना असंच गाठलं होतं, आणि तो अख्खा उन्हाळा आमचा फ्रीज त्याच्या कुल्फीला दिलेला होता. आम्ही दूध शेजारी ठेवत होतो. तेव्हापासून आई दुपारी चहाचा कप घेऊन आबांच्या दारात उभी राहते. कप रिकामा झाल्याशिवाय ती देशाच्या पंतप्रधानालाही आत सोडणार नाही.

पण आता आरतीने आबा अर्ध्या झोपेत उठून, चहाबिहा काही न घेता, तडक देवळात जात होते. आणि आई हातात नैवेद्य घेऊन देवीसमोर. दार उघडंच पडलं. दोन दिवसांत गावाला त्याचा वास लागला. आरतीला गर्दी वाढली, आबा खूष झाले, भक्ती वाढली म्हणाले. भक्ती कसली, रांग होती ती. माझा चुलतभाऊ नयन याने त्याच्या डीजेचे सगळे स्पीकर आमच्या ओटीवर ठेवायची परवानगी घेतली. गावचा हॉल एकाच तारखेला दोन हळदींना दिला गेला, त्यातली एक मुलाकडची आणि एक त्याच मुलाने नकार दिलेल्या मुलीची. टॉवरमधल्या बायका येऊन आबांना त्यांच्या झुंबा मंडळाचं अध्यक्षपद देऊन गेल्या. घरी येऊन चहा घेतल्यावर आबांनी मला विचारलं, झुंबा कुठली देवी?

मी ऑफिसात डबा खाताना हे सगळं नीरजा मॅडमना सांगितलं. नीरजा मॅडम माझ्या साहेब, डोंबिवली पूर्वेच्या, आणि माणसांपेक्षा सर्किटांवर जास्त चिडणाऱ्या. कौलाची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकली. मशीनचं ऐकून मात्र त्यांनी पोळी खाली ठेवली.

"लाईट गेली तेव्हा नाही बिघडलं ते. लाईट येताना बिघडलं," त्या म्हणाल्या. "वीज एका झटक्यात पूर्ण चढत नाही. चढताना मधे प्रोसेसर अर्धवट जागा होतो. त्या अवस्थेत तो काहीही बरळतो. आणि शेजारी बसलेली मेमरी चिप ते इमानदारीत लिहून घेते. तिचं कामच ते, लिहिलेलं कायम जपायचं. तिला काय कळतंय, साहेब जागा आहे की बरळतोय."

"मग उपाय?"

"चिपला कुलूप लावायला एक पाय दिलेला असतो. त्या पायाला व्होल्टेज दिलं की ती वाचून दाखवते, लिहून घेत नाही. या लोकांनी तो पाय कायमचा ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टेजला, जोडून टाकला असणार, म्हणजे दार सताड उघडं. तो तिथून सोडवून व्होल्टेजला बांधायचा, आणि वेळ बदलायचीच असेल तेव्हा बटण दाबून उघडायचा. शिवाय प्रोसेसरवर एक तीन पायांची छोटी चिप राखण ठेवायची. व्होल्टेज पूर्ण भरेपर्यंत ती त्याला उठूच देत नाही. इतकी साधी गोष्ट. लाज वाटायला हवी बनवणाऱ्याला." एवढं बोलून त्यांनी ड्रॉवरमधून बटण आणि ती चिप काढून माझ्या डब्याच्या झाकणात ठेवले.

भाग मिळाले, पण मशीनला हात कोण लावू देणार? देवीने ठरवलेली वेळ मी कोण बदलणार, असं आबांनी मला दोनदा ऐकवलं. मी घुश्शात होते. शेवटी माझ्या मदतीला शुक्रवारच धावला.

त्या शुक्रवारी लाईट आणखी वाईट तऱ्हेने आली, सात-आठदा डोळे मिचकावून. दुपारचे पावणेतीन झाले, तीन झाले, मशीन गप्प. नैवेद्याचं ताट घेऊन आई उभी, आठवडाभराच्या सवयीने उठून आलेले आबा उभे, मागे रांग उभी. मी पट्टी बघितली. संध्याकाळची आरती, २७:६३.

"सत्तावीस वाजून तिरसष्ट मिन्टं," सीतारामकाकांनी वाचलं आणि घाबरून देवीकडे बघितलं.

"आबा, घड्याळात सत्तावीस वाजत नाहीत," मी म्हणाले.

"मानसाच्या घड्यालात," महिपतकाका म्हणाले. त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. सत्तावीसातून चोवीस गेले, राहिले तीन. त्रेसष्ट मिनिटं म्हणजे एक तास आणि वर तीन. म्हणजे चार वाजून तीन मिनिटं. आणि चोवीस उलटले म्हणजे उद्याचे. "उद्या पाटं चार वाजून तीन मिन्टं. कोर्टात अशीच तारीख परते."

दुसऱ्या दिवशी पहाटे अख्खी आळी न्हाऊनधुऊन देवळात हजर होती. नयनसुद्धा होता, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं. चार वाजून तीन मिनिटं आली आणि निघून गेली. मशीन मुकाट बसलं. कसं वाजणार? सत्तावीस वाजायची वाट बघत बसलं होतं ते बिचारं, प्रलयापर्यंत बसलं असतं. महिपतकाकांनी आकडेमोड दोनदा तपासली आणि पुढची तारीख घ्यावी असं सुचवलं.

आबांचा चेहरा मात्र उतरला. संध्याकाळची आरती चुकली, नैवेद्य तसाच राहिला. माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुपारी आरतीच नसल्याने नेहमीसारखे झोपले, उठले, आईने दारात उभं राहून चहा दिला. कप खाली ठेवल्याचा आवाज आला तशी मी आत गेले.

"आबा, तुम्ही झोपेतून उठल्यावर आई कोणाला आत सोडत नाही, माहितेय?"

"माहीत हाय. कुल्फीपासून."

"मशीनचंही तेच होतंय. लाईट आली की ते उठतं. पूर्ण उठायच्या आधी काहीतरी बरळतं, आणि आतली चिप ते खरं समजून लिहून ठेवते. मग पुसत नाही. देवीने वेळ नाही बदलली, मशीन झोपेत बोललंय."

आबांनी ओटीकडे बघितलं. तिकडे नयनचे स्पीकर छतापर्यंत रचलेले होते. मग ते म्हणाले, "म्हंजे या आठवड्यात मी पन?"

"हो. तुम्हीपण."

"झुंबा?"

"झुंबा पण."

"आनि तुजी ती चिप बसवली की ते बरलायचं थांबल?"

"बरळलं तरी कोणी लिहून घेणार नाही. तुम्हाला आई आहे, त्याला चिप."

त्यांनी आईकडे बघितलं. आई रिकामा कप घेऊन उभी होती, कप उगाच पदराला पुसत.

देवीला विचारल्याशिवाय मशीन उघडायचं नाही, हे मलाही मान्य होतं. रविवारी सकाळी पुन्हा कौल लावला. या वेळी मी आधी मेन स्विचच बंद केला, दारंखिडक्या लावल्या. इतकी शांतता होती की सीतारामकाकांच्या पोटातला आवाज ऐकू येत होता. मीही हात जोडून उभी होते, आणि खरं सांगते, डावी पडली असती तर मी खोकून वगैरे काही केलं नसतं. निदान असं मला वाटतं. पाकळी पडायला बराच वेळ लागला. उजवी पडली.

मशीन उघडलं तर नीरजा मॅडमचं म्हणणं शब्दशः खरं. चिपचा कुलपाचा पाय ग्राउंडला चिकटलेला. मी तो उचलून व्होल्टेजला बांधला, बटण बसवलं, प्रोसेसरच्या उशाशी तीन पायांची राखणदार चिप लावली. वेळ पुन्हा संध्याकाळी सात भरली. मग नयनला मेन स्विचवर बसवून सांगितलं, शुक्रवारची लाईट कर. ते काम त्याला जन्मजात येत होतं. खटखट, खटखट, अर्धवट, पुन्हा खटखट. पंखा वेडा झाला, ट्यूबलाईट चरफडली, महिपतकाकांनी कान झाकले. पट्टीवर सात ते सातच. संध्याकाळी बरोबर सातला नगारा वाजला तेव्हा आबांनी डोळे पुसले, आणि मलाही बरं वाटलं, नाही कशाला म्हणू.

आरतीहून येऊन सगळे ओटीवर, म्हणजे स्पीकरांमधून उरलेल्या जागेत, बसले होते. आईने आबांना चहा दिला. एक कप झाला. तिने दुसरा दिला. तोही झाला. बाबा मोबाईल बघत होते.

"आबा," आई म्हणाली, "मी गाडी शिकतंय. परवा कल्यानला परीक्षा हाय."

बाबांच्या हातातला मोबाईल तसाच राहिला. "गाडी? कुठली गाडी?" त्यांनी विचारलं, पण त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

आबा हळूच म्हणाले, "अख्ख्या गावानं मना झोपेत धरला. तू तर दारातच उबी असतेस. चहाच्या आदी इचारलं असतंस तर मी हो बोललो असतो, आनि मंग कोनाच्या बापाला ते फिरवता आलं नसतं."

"ठाव हाय मना."

"मंग का नाय इचारलं?"

"झोपेतला हो मना नको व्हता," आई म्हणाली. "आनि आता बी इचारत नाय, आबा. सांगतंय."

आबांनी रिकामा कप दोन्ही हातांनी धरून त्यात खोलवर बघितलं, जणू तळाशी अजून एक घोट असेल. बाबांनी तोंड उघडलं, आबांनी फक्त बोट वर केलं आणि ते मिटलं.

"माजिवऱ्याला कवा जानार?" आबांनी विचारलं.

"मना वाटंल तवा," आई म्हणाली.

आबांनी मान डोलावली आणि कप तिच्या हातात दिला. आईने आत जाऊन तो विसळला, हात पुसले आणि आजीला फोन लावला.